गाणं रेडिओकडे पाठवण्याआधी: रॉक बँडसाठी

रेडिओ स्टेशनच्या संगीत विभागात नव्या गाण्याच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट येतं. त्या खुर्चीत मी बरीच वर्षं बसले आहे, त्यामुळे यात कुणाचा उर्मटपणा नसतो हे ठामपणे सांगू शकते. आठवड्याच्या यादीत मोकळ्या जागा दोन किंवा तीन, आणि आलेल्या गाण्यांचा नुसता ढीग. मग पहिली वीस सेकंदं ऐकायची, उडी मारून कोरस (पुन्हा पुन्हा येणारं ध्रुपद) गाठायचा, शेवट कसा होतो ते बघायचं. पटलं तर पुन्हा सुरुवातीपासून, नाही तर पुढचं.

आता मी टेबलाच्या पलीकडे असते. बँडची गाणी रेडिओसाठी कापून, आवरून देते. नवा बँड आला की आधी एवढंच सांगते की रेडिओ सिंगल, म्हणजे अल्बममधून रेडिओसाठी वेगळं काढलेलं एकच गाणं, तुमच्या चाहत्यांसाठी नसतं. चाहते अल्बम ऐकणारच आहेत. सिंगल काढायचं ते ज्यांना ते वापरायचंय त्यांच्यासाठी: यादी लावणारा, निवेदक, चॅनेलसाठी प्रोमो कापणारा, आणि दुसरं काहीतरी करता करता अर्ध्या गाण्यात कान टवकारणारा श्रोता. खालचं सगळं या चौघांच्या सोयीचं आहे. तुमची थोडी गैरसोय होईल.

कोणतं गाणं

बँडमध्ये मतदान घेऊ नका. मतदानात नेहमी वाजवायला सगळ्यात अवघड गाणं जिंकतं, कारण मतदार सगळे वादक असतात.

त्याऐवजी गाणं हळू आवाजात लावा. इतकं हळू की बेस जवळपास नाहीसा होईल आणि शेजारी दोन माणसं बोलत असतील तर त्यांना आवाज चढवावा लागणार नाही. आता काय उरलं? गायकाचा आवाज, स्नेअर (कडक ठोका देणारा छोटा ड्रम) आणि एखादी गिटारची ओळ. बहुतेक ठिकाणी रेडिओ असाच वाजत असतो. एवढ्यातही गाणं ओळखू येत असेल तर ते उमेदवार. मग तेच गाणं मधूनच सुरू करा, दुसऱ्या कडव्याच्या अध्येमध्ये, आणि ज्याने ते कधीच ऐकलेलं नाही अशा माणसाकडे बघा. पुढच्या कोरसला त्याची मान किंवा पाय हलला तर बरंच काम झालं. शब्द कळले का, हे विचारू नका. विचारलं की माणसं खोटं बोलतात.

आणखी एक, हे माझं वैयक्तिक मत समजा. बारा गाण्यांपैकी अकरा जोरकस आणि एकच हळवं, गिटारवर गुणगुणलेलं असेल, तर ते बारावं सिंगल म्हणून काढू नका. पडलं तर वाईट, आणि चाललं तर त्याहून वाईट. पुढे प्रत्येक कार्यक्रमात लोक तेवढ्याच गाण्यासाठी येतात आणि उरलेला वेळ मोबाइल बघत उभे राहतात.

कात्री

तीन-साडेतीन मिनिटांची सवय रेडिओला कुणा बाबूने लावलेली नाही. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीने सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी आणली. तिच्या एका बाजूवर भरपूर आवाजात साधारण तेवढंच बसायचं. जास्त कोंबलं तर खाचा दाटीने काढाव्या लागत आणि आवाज दबत असे. तबकडी गेली, सवय राहिली.

लांब गाणी वाजतच नाहीत असं नाही. क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ साली जवळपास सहा मिनिटांचं होतं आणि ते कापायला बँडने नकार दिला. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर निवेदक केनी एव्हरेटने ते एका शनिवार-रविवारी पुन्हा पुन्हा वाजवलं, आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. हे उदाहरण मला प्रत्येक बँड ऐकवतो. मी त्यांना विचारते, तुमच्या ओळखीचा केनी एव्हरेट कोण? असेल तर खुशाल सहा मिनिटं ठेवा.

मला स्वतःला द डोअर्सचा दाखला जास्त उपयोगी वाटतो. 'लाइट माय फायर' अल्बमवर सात मिनिटांच्या आसपास आहे. १९६७ मध्ये रेडिओसाठी ते तीन मिनिटांच्या आत आणलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. कात्री कुठे लागली ते ऐका. गाण्याचे शब्द जवळपास जिथल्या तिथे आहेत, मधले ऑर्गन आणि गिटारचे लांबलचक सोलो गेले. म्हणजे ज्याला गाणं गुणगुणायचं आहे त्याचं काहीच हरवलं नाही. ज्याला सोलो हवा होता तो अल्बम विकत घेणार होता.

तिसरा मार्ग निर्माता फिल स्पेक्टरने १९६४ मध्ये काढला. राइचस ब्रदर्सचं 'यू हॅव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिंग' पावणेचार मिनिटांचं होतं. तबकडीच्या लेबलवर त्याने ३:०५ छापलं. आज फाइल उघडल्या क्षणी संगणक खरी लांबी दाखवतो, तेव्हा ही युक्ती विसरा.

प्रत्यक्ष कापताना सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद घ्या. गाण्याचे सगळे भाग बारमध्ये (ठरावीक मात्रांच्या आवर्तनांत) मोजून एकाखाली एक लिहा: इंट्रो (गायनाआधीचं वादन) १६, कडवं १६, कोरस ८, असं. मग कागदावरच काट मारा. कुठे मारायची याचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी इंट्रो: १६ बारांचा असेल तर ४ करा, ८ फार झाले. मग पहिल्या कोरसनंतर उगाच रेंगाळणारी रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ. मग सोलो; पूर्ण काढू नका, रॉक गाण्यात तो चेहऱ्याचा भाग असतो, पण निम्मा करा आणि शक्यतो दुसरा अर्धा ठेवा, कारण वादक चढत जाऊन शेवटी बोलतो. मग शेवटचे पुन्हा पुन्हा येणारे कोरस. कडवं सगळ्यात शेवटी कापायचं, तेही लिहिणाऱ्याला समोर बसवून. दोन कडव्यांची गोष्ट असेल आणि दुसरं गेलं, तर गोष्टीतला माणूस घराबाहेर पडतो आणि पोहोचतच नाही.

जोड बारच्या पहिल्या मात्रेवर घ्यायची हे कुणीही सांगेल. खरी अडचण सिंबलची, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजेची असते. क्रॅश नावाची मोठी झांज वाजल्यावर तिचा आवाज दोन-तीन सेकंदं हवेत राहतो. तुम्ही कापून पुढच्या भागावर गेलात की तो मध्येच चिरल्यासारखा तुटतो, किंवा न वाजलेल्या क्रॅशची शेपटी कोरसच्या सुरुवातीला ऐकू येते. गायकाच्या रिव्हर्बचंही (आवाजामागच्या घुमाऱ्याचंही) तेच. म्हणून मास्टर झालेल्या (शेवटचा हात फिरवून पक्क्या केलेल्या) स्टिरिओ फाइलवर कात्री चालवण्यापेक्षा मिक्सचं सेशन, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं असलेली मूळ फाइल उघडून, वेगवेगळ्या ट्रॅकवर वेगवेगळ्या जागी कापा: ड्रम मात्रेवर, गिटार किंचित आधी, आवाज श्वासाच्या जागी. सिंबलची शेपटी दुसऱ्या टेकमधून (त्याच गाण्याच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून) आणून वर ठेवता येते. कापून झालं की मगच मास्टरिंग. मास्टरच्या फाइलवरच कापायची वेळ आली तर जोड स्नेअरच्या ठोक्याखाली लपवा. जोरदार ठोक्यामागे कानाला बरंच काही कळत नाही.

बँड क्लिकशिवाय (कानात ठरावीक वेगाची टिकटिक न लावता) वाजला असेल तर आणखी एक भानगड असते. पहिला कोरस आणि शेवटचा कोरस यांच्या वेगात फरक असतो, बहुधा शेवटचा पळत असतो. पहिल्यातून थेट तिसऱ्यावर उडी मारली की अचानक कुणी ढकलल्यासारखं वाटतं. अशा वेळी उडी मोठी मारू नका, दोन छोट्या मारा.

शेवटाबद्दल. हळूहळू विरत जाणारा शेवट निवेदकांना आवडतो असा समज आहे. मला तरी नेमका, धाडकन संपणारा शेवट असलेलं गाणं यादीत लावणं सोपं जायचं, कारण ते कधी संपणार हे निवेदकाला माहीत असतं. फेड ठेवायचाच असेल तर दहा-बारा सेकंदांत आटपा. आणि शेवटी दोन सेकंदांची शांतता ठेवून फाइल देऊ नका. रेडिओवर दोन सेकंदं म्हणजे बंद पडलेलं स्टेशन.

शिवी असेल तर स्वच्छ आवृत्ती वेगळी काढा. बीप लावू नका, तो शिवीपेक्षा जास्त लक्ष वेधून घेतो. शब्दापुरता फक्त आवाजाचा ट्रॅक गप्प करा आणि खाली वाद्यं चालू ठेवा, किंवा गायकाकडून तेवढी ओळ नव्याने म्हणून घ्या. हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच उरकलं तर उत्तम. सहा महिन्यांनी तोच गायक, तोच माइक, तरीही आवाज जुळत नाही.

एफएमवर गेल्यावर गाण्याचं काय होतं

इथे स्टुडिओतले लोकसुद्धा गडबडतात, म्हणून जरा सविस्तर.

एफएममध्ये प्रसारणाच्या आधी वरच्या पट्टीतले आवाज मुद्दाम वाढवतात आणि तुमचा रेडिओ ते पुन्हा तेवढेच खाली आणतो. खरखर कमी व्हावी म्हणून ही सोय. काही देशांत तिचं माप ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. १५ किलोहर्ट्झपाशी ही वाढ पहिल्या मापाने सुमारे १४ डेसिबल आणि दुसऱ्या मापाने सुमारे १७ डेसिबल होते. आता तुमच्या मिक्समध्ये सिंबल आधीच झणझणीत असतील आणि गायकाचा 'स' शिट्टी मारत असेल, तर वाढवल्यावर ते मर्यादेबाहेर जातात आणि स्टेशनचा प्रोसेसर त्यांना दाबतो. दाबताना सगळं गाणंच वरून मळकट होतं. बँडला वाटतं स्टेशनने वाट लावली. उपाय तुमच्याच हातात आहे: रेडिओच्या मास्टरमध्ये 'स' नीट आवरा आणि ओव्हरहेड माइक (ड्रमच्या वर लावलेले) एक-दीड डेसिबल खाली घ्या. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वर तसंही काही जात नाही, तेव्हा तिथली चमक जपायचा हट्ट सोडा.

दुसरा मुद्दा मोठ्या आवाजाचा. प्रत्येक स्टेशनकडे आवाज समपातळीवर आणणारं यंत्र असतं. ऑर्बन कंपनीचं ऑप्टिमॉड १९७५ पासून हेच काम करतंय. हळू आलेलं गाणं ते वर उचलतं, मोठं आलेलं दाबतं. मास्टरिंगमध्ये चिरडून विटेसारखं सपाट केलेलं गाणं तिथे पोहोचलं की ते मोठं ऐकू येत नाही, उलट लहान वाटतं, कारण स्नेअरचा ठोका उठायला जागाच उरलेली नसते. मी रेडिओसाठी वेगळं, थोडं मोकळं मास्टर मागून घेते. इंजिनिअर कुरकुरतो. मागून घ्या.

तिसरा मुद्दा मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा न राहता एकच झालेला आवाज. एफएमचा मूळ संदेश डावा आणि उजवा यांची बेरीज असतो. त्यांतला फरक ३८ किलोहर्ट्झच्या वेगळ्या उपवाहकावर (मूळ संदेशासोबत जाणाऱ्या दुसऱ्या लहरीवर) जातो आणि सिग्नल क्षीण झाला की रेडिओ तो फरक सोडून देतो. म्हणजे कितीतरी श्रोते तुमचं गाणं मोनोत ऐकणार. रुंद वाटाव्यात म्हणून दोन्हीकडे फेज उलटवून (एका बाजूची ध्वनिलहर दुसरीच्या उलट करून) ठेवलेल्या गिटार मोनोत एकमेकींना खाऊन टाकतात. कोरस लागतो आणि गिटार गायब! मिक्स करताना मोनोचं बटण दाबून एकदा पूर्ण गाणं ऐका, शक्यतो एकाच छोट्या स्पीकरवर.

फाइल आणि तिच्यासोबतचा कागद

फाइल वॅव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. स्टेशनने वेगळं मागितलं तर वेगळं. एमपी३ ऐकण्यापुरती ठीक. फाइलच्या नावात बँडचं नाव, गाण्याचं नाव आणि 'रेडिओ एडिट' एवढं असावं. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशा फाइली मी असंख्य उघडल्या आहेत, आणि त्या संगणकात घातल्यावर कोणत्या बँडच्या होत्या हे सांगणारं कुणी नसायचं.

रेडिओ एडिटला स्वतंत्र आयएसआरसी घ्या. हा बारा अक्षर-अंकांचा कोड एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाची ओळख असतो. लांबी बदलली, शब्द बदलले, की ते वेगळं ध्वनिमुद्रण. अल्बमचाच कोड एडिटला चिकटवला तर पुढे कोणती आवृत्ती किती वाजली याचा हिशोब एकमेकांत मिसळतो, आणि हा हिशोब म्हणजेच तुमची रॉयल्टी. त्यासोबत गीतकार, संगीतकार, प्रकाशक आणि ध्वनिमुद्रणाचा मालक यांची नावं अधिकृत नोंदीत आहेत तशीच्या तशी द्या. एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असेल तर पैसे तीन ठिकाणी अडकतात.

आता तो एक आकडा, जो बँड कधीच देत नाहीत आणि निवेदकाला सगळ्यात आधी हवा असतो: गाणं सुरू झाल्यापासून गायकाचा पहिला शब्द कितव्या सेकंदाला येतो. निवेदक त्या वेळातच बोलतो. आकडा ११ असेल तर तो अकराव्या सेकंदाला वाक्य संपवून बाजूला होतो. इंट्रोमध्ये गायक 'हे!' असं ओरडला असेल तर ते वेगळं लिहा. आणि शेवट धाडकन की फेड, तेही लिहा.

कागद एकच पान. वर बँड, गाणं, लांबी, इंट्रोचे सेकंद, प्रसारणासाठी खुलं होण्याची तारीख. खाली बँडबद्दल चार ओळी, ज्यांतलं निदान एक वाक्य निवेदकाला जसंच्या तसं माइकवर म्हणता यावं. 'ध्वनीच्या सीमा ओलांडणारा प्रवास' कुणालाही म्हणता येत नाही. 'ड्रमर दिवसा दंतवैद्य आहे' हे लगेच म्हणता येतं.

पाठवणं

आधी स्टेशन ऐका. बातम्या आणि जुनी गाणी लावणाऱ्या स्टेशनला हेवी मेटल पाठवणारा माणूस पुढच्या वेळीही लक्षात राहतो, वाईट अर्थाने. रात्रीचे, नव्या किंवा स्वतंत्र संगीताचे कार्यक्रम शोधा आणि ते करणाऱ्या माणसालाच लिहा. दिवसाच्या यादीत शिरायचा रस्ता बहुतेक वेळा रात्रीच्या कार्यक्रमातून जातो. विद्यापीठांची आणि समुदायाची स्टेशनं कमी लेखू नका. तिथे गाणं निवडणारा आणि वाजवणारा बहुधा एकच असतो.

प्रकाशनाच्या तीन ते सहा आठवडे आधी पाठवा. १० जुलै २०१५ पासून नवं संगीत जगभर शुक्रवारी प्रकाशित करायची रीत पडली आहे, त्यामुळे गुरुवार-शुक्रवारी सगळ्यांच्या पेट्या तुंबलेल्या असतात. सोमवारी-मंगळवारी लिहा. ईमेलला मोठी फाइल जोडू नका, लिंक द्या, आणि ती आठवड्यात मरणारी नसावी. दहा दिवसांनी एकदा विचारा. मग गप्प बसा. रोज फोन करणाऱ्या बँडचं नाव पाहूनच आम्ही फोन उलटा ठेवायचो.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते. गाणं वाजवण्यासाठी कुणी परस्पर पैसे मागितले तर नमस्कार करून निघा. अमेरिकेत १९५९-६० मध्ये याची संसदेत चौकशी झाली, ॲलन फ्रीडसारख्या नावाजलेल्या निवेदकाची कारकीर्द त्यात संपली, आणि श्रोत्यांना न सांगता पैसे घेऊन गाणं वाजवणं १९६० मध्ये गुन्हा ठरलं. प्रचारकाला त्याच्या कामाची फी देणं वेगळं. तो गाणं पोहोचवतो आणि पाठपुरावा करतो. 'वाजेलच' अशी हमी देणारा प्रचारक नको.

उलट दिशेने येणारे पैसेही समजून घ्या. बहुतेक देशांत गाणं वाजलं की गीतकार-संगीतकारांना आणि ध्वनिमुद्रणाचे मालक व कलाकार यांनाही मोबदला असतो. अमेरिकेतल्या हवेवरच्या रेडिओवर फक्त पहिल्यांना मिळतो. बँडमध्ये गाणी एकच जण लिहीत असेल तर याची चर्चा सिंगल चालण्याच्या आधी करा.

'फक्त प्रचारासाठी'

प्रचाराच्या प्रतींवर 'विक्रीसाठी नाही' असं छापायची पद्धत जुनी आहे. ते छापलं म्हणून प्रत तुमच्याच मालकीची राहते असं मात्र नाही. अमेरिकेत न मागता पाठवलेल्या प्रचार-सीडी पुढे कुणी विकल्या, रेकॉर्ड कंपनी कोर्टात गेली, आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. संग्राहकांच्या कपाटात अशा सीडी मानाने उभ्या असतात. आज हा प्रश्न फाइलींचा आहे: प्रकाशनाआधी गाणं फुटू नये असं वाटत असेल तर प्रत्येकाला वेगळी वॉटरमार्क (कुणाची प्रत फुटली ते सांगणारी छुपी खूण) असलेली प्रत द्या. नव्या बँडला मात्र मी हे सुचवत नाही. तुमचं गाणं फुटावं इतकं कुणाला हवं असेल तर ती आनंदाची बातमी आहे.

फक्त रेडिओसाठी सिंगल काढून दुकानात न ठेवणं, हाही एकेकाळी धंद्याचा डाव होता. गाणं हवं असेल तर अख्खा अल्बम घ्या! नो डाउट या बँडचं 'डोंट स्पीक' अमेरिकेत १६ आठवडे रेडिओच्या यादीत पहिलं होतं, पण बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या मुख्य हॉट १०० यादीत आलंच नाही, कारण विकत मिळणारं सिंगल नसेल तर तिथे प्रवेश नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला. आता गाणं ऐकलं की श्रोता त्याच मिनिटाला ते शोधतो. तेव्हा रेडिओवर पहिल्यांदा वाजेल त्या दिवशी ते स्ट्रीमिंगवर असेल, किंवा निदान आगाऊ नोंदवता येईल, एवढी व्यवस्था करा. आणि तिथे रेडिओ एडिटच ठेवा, नाही तर श्रोत्याच्या पदरी ओळखीच्या रिफऐवजी १६ बारांचा इंट्रो पडतो.

स्टेशन कधी बँडच्या आवाजात ओळख मागतं: 'आम्ही अमुक, आणि तुम्ही ऐकताय तमुक.' हे फोनवर बडबडून पाठवू नका, माइकसमोर बसून, मागे संगीत न लावता, तीन वेगवेगळ्या लांबीत करून द्या. पण गाणं हवेवर वाजवायची परवानगी आणि ते जाहिरातीत, सामन्याच्या झलकीत किंवा मालिकेच्या प्रोमोत वापरायची परवानगी, या निरनिराळ्या गोष्टी आहेत. चित्रासोबत वापरायचं तर दोन होकार लागतात: एक रचनेच्या मालकाचा, एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा. किती काळ, कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात, हे लेखी घ्या. 'प्रसिद्धी मिळेल' हा त्या कागदावरचा मोबदल्याचा रकाना नव्हे.

प्रोमो कापणाऱ्याला पूर्ण गाण्याची गरज क्वचितच असते. त्याला शब्दांविना आवृत्ती लागते, कारण वर निवेदन येणार असतं. १५ आणि ३० सेकंदांचे, स्वतःच्या शेवटासकट संपणारे तुकडे लागतात. आणि ड्रम, बेस, गिटार, आवाज असे चार स्टेम, म्हणजे प्रत्येकाची वेगळी फाइल. हे सगळं मिक्स उतरवतानाच काढून एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण ही मागणी दुपारी येते आणि संध्याकाळपर्यंत हवी असते. स्टुडिओ बंद होता, ड्राइव्ह ड्रमरकडे आहे, असं सांगेपर्यंत त्यांनी दुसऱ्या बँडला फोन लावलेला असतो.